पुस्तिकेत नसलेला दुष्काळ



कोंब फुटलेल्या सोयाबीनचे फोटो आता टाकत नाही. पंधरवडाभर सगळ्यांनी तेच टाकलेत आणि कुजलेली शेंग कुणाच्याही रानातली सारखीच दिसते. आजची नोंद वेगळी आहे, जरा लांब पण आहे. जनावरांचं आटपून निवांत वाचा.

झालं असं. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यातली ती रात्र तुम्हालाही आठवत असेल. तिकडं सीना फुगली होती आणि इकडं आमच्या वरच्या अंगाचा पाझर तलाव पहाटे दोनच्या सुमारास सांडव्यावरून वाहायला लागला. खालची आमची एकराची पट्टी मातीसकट गेली. उजाडल्यावर गेलो तर नुसता मुरूम. अंगणातलं घमेलं पावसानं काठोकाठ भरलेलं. नुकसान कळवायला फोन केला, तर पलीकडून अगदी नम्रपणे उत्तर आलं, "दादा, आपल्या मंडळात ६१ मिलिमीटरची नोंद आहे. अतिवृष्टी ६५ च्या पुढं धरतात."

पर्जन्यमापक आमच्या रानापासून नऊ किलोमीटरवर आहे. ढगाला मंडळाची हद्द कुणी दाखवलेली नाही, हा ढगाचा दोष. चार मिलिमीटर कमी पडले. बाजरीचे दोन दाणे शेजारी शेजारी ठेवले की चार मिलिमीटर होतात, घरी मोजून बघा.

पुढं दोन आठवडे टीव्हीवर एकच चर्चा. विरोधक म्हणत होते 'ओला दुष्काळ जाहीर करा', आणि सरकार म्हणत होतं की पुस्तिकेत 'ओला दुष्काळ' असा शब्दच नाही. मग ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज आलं आणि सांगितलं गेलं की दुष्काळात ज्या सवलती देतो त्या सगळ्या देऊ. म्हणजे पंगत बसवली, पत्रावळी मांडल्या, जिलेबी वाढली. फक्त लग्न कुणाचं आहे ते बोलायचं नाही.

मला वाटलं, हा आजच्या राजकारण्यांचा खेळ असेल. जुनं वाचत गेलो तेव्हा कळलं की खेळ फार जुना आहे.

१९६३ साली आपल्या राज्यानं एक कायदा केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द वगळण्याचा कायदा. थट्टा करत नाही, कायद्याचं नावच तसं आहे. जिथं जिथं 'फॅमिन' तिथं तिथं 'स्कॅर्सिटी', म्हणजे दुष्काळाच्या जागी टंचाई. कारण काय दिलं? तर सरकार शेतीच्या परिस्थितीवर सतत लक्ष ठेवून असतं, टंचाईची चिन्हं दिसली की लगेच मदत करतं, त्यामुळं आता दुष्काळ पडायला वावच उरलेला नाही. वाव नाही, मग शब्द कशाला ठेवायचा? आपण पण हराळीला लॉन म्हणायला लागू, खुरपणीचा खर्च वाचेल.

नऊ वर्षांनी, १९७२ ला, दुष्काळ आला. त्याला कायदा कुणी वाचून दाखवला नव्हता.

इथं थोडं थांबून सरकारच्या बाजूनं पण बोललं पाहिजे, नाहीतर माझ्यात आणि टीव्हीवाल्यात फरक काय राहिला. 'फॅमिन' म्हणजे उपासमारीनं माणसं मरणं असा अर्थ धरला, तर त्या शब्दाला दूर ठेवायचं काम १९७२-७३ ला बऱ्याच अंशी झालं. कामं काढली. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं सरकारी कामावर होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी तिथंच रुजली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पुढं देशभर जी नरेगा आली तिचं बियाणं आपलं.

आमचे तात्या तेव्हा वीस वर्षांचे. खडी फोडली, नालाबंडिंगवर माती वाहिली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीचं नाव काढलं की अजून तोंड वाकडं करतात. वरचा तो पाझर तलाव म्हणजे त्याच सालातलं काम, तात्यांच्या हातची माती आहे त्यात. पाऊस नव्हता म्हणून बांधलेला तलाव यंदा पाऊस जास्त झाला म्हणून आमच्या रानावर आला. तात्या बांधावर उभे राहून बघत होते. काही बोलले नाहीत.

पण तात्यांना विचारलं की ७२ ला काय होतं, तर ते 'टंचाई' म्हणत नाहीत. गावात एकही म्हातारं माणूस 'बहात्तरची टंचाई' म्हणताना मी ऐकलं नाही. टंचाई शब्द कागदावर राहिला, दौऱ्याच्या गाडीवर चिकटला.

आता शब्द कुठं वापरायचा हे ठरतं कसं? त्याला माप आहे. जुन्या माणसांच्या तोंडी आणेवारी, कागदावर पैसेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. मुंबई इलाख्यात नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याहून कमी आलं तर त्या वर्षीच्या सगळ्या साऱ्याला तहकुबी, चार ते सहा आण्यांच्या मधे असेल तर अर्ध्याला. आता पन्नास पैशांची रेघ आहे. गावात समिती असते, मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच वगैरे. सप्टेंबर अखेर नजरअंदाज, ऑक्टोबर अखेर सुधारित, डिसेंबरात अंतिम. नजरअंदाज हा शब्द ज्यानं काढला त्याला एकदा भेटायचंय, कारण हिंदीत त्याचा अर्थ 'दुर्लक्ष केलेलं' असा होतो.

या मापावरून सगळ्यात गाजलेली भांडणं खेड्याची. आपलं राजगुरुनगरचं खेड नव्हे, गुजरातमधला खेडा जिल्हा. तेव्हा तोही मुंबई इलाख्यातच, म्हणजे आपल्याच सोलापूर-पुण्यावर राज्य करणाऱ्या सरकारखाली आणि त्याच नियमाखाली. १९१७ च्या पावसाळ्यात तिथं पाऊस कमी पडला नव्हता. पडला तो नेहमीच्या दुपटीहून जास्त आणि उशिरापर्यंत. खरीप कुजला. आज आपण ज्याला ओला दुष्काळ म्हणतो, तोच. शेतकरी म्हणाले पीक चार आण्यांच्या आत. सरकारी आकडा म्हणाला चार आण्यांच्या वर. अमृतलाल ठक्करांनी पाहणी केली, विठ्ठलभाई पटेलांनी मुंबईच्या कौन्सिलात प्रश्न मांडला. गांधींनी मागणी केली ती साधी होती, निःपक्ष माणसांकडून मोजून घ्या. सरकारचं उत्तर असं की आणेवारी ठरवायचा अधिकार अधिकाऱ्यांचा.

मग २२ मार्च १९१८ ला नडियादला सारा न भरण्याची शपथ झाली. वल्लभभाई पटेल वकिली सोडून गावोगाव फिरले. जनावरं, भांडी, उभी पिकं जप्त झाली. एका शेतातलं कांद्याचं पीक सरकारनं जप्त केलं होतं. गांधींच्या मते ती जप्ती नियमाला धरून नव्हती, म्हणून त्यांनी कांदा काढायला सांगितलं. मोहनलाल पंड्या आणि सोबतच्यांनी तो काढला आणि तुरुंगात गेले. लोकांनी पंड्यांना पदवी दिली 'डुंगळी चोर', म्हणजे कांदाचोर. कांद्यासाठी शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायची परंपरा निर्यातबंदीच्या बरीच आधीची आहे, एवढंच नोंदवून पुढं जातो.

जूनमध्ये तो लढा मिटला. ऐपतदारांनी भरायचं, गरिबांना तहकुबी. खुद्द गांधींना तो शेवट फारसा समाधानाचा वाटला नाही, तसं त्यांनी लिहून ठेवलंय. कुणाला गरीब म्हणायचं हे परत सरकारच ठरवणार होतं. लाभार्थी यादी म्हणा की आजच्या भाषेत.

माझ्यासारख्या माणसाला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. भांडण साऱ्याच्या रकमेवरून पेटलं नव्हतं. मोजणार कोण, यावरून पेटलं होतं. पाऊस सगळ्यांनी बघितला होता, पीक सगळ्यांनी बघितलं होतं.

मोजमाप नव्हतं तेव्हा काय चालायचं तेही सांगतो, म्हणजे मापालाच शिव्या घालतोय असं वाटायला नको. १८७६ ला दख्खनवर दुष्काळ पडला, आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत व्हाइसरॉय लिटनचा दरबार भरला, राणी व्हिक्टोरियाला सम्राज्ञी जाहीर करायला. आणि त्याच महिन्यात सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवलं, खर्च आवरायला. या टेंपल साहेबांची गंमत अशी की तीन वर्षांपूर्वी बिहारात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी बर्मातून तांदूळ आणून लोकांना खाऊ घातला होता. माणसं वाचली. त्याबद्दल त्यांना शाबासकी मिळायला हवी होती, मिळाली ती उधळपट्टीबद्दल टीका. साहेब धडा शिकले. दख्खनमध्ये येऊन त्यांनी खडी फोडणाऱ्याची मजुरी कापली, दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडी चिल्लर. एक पौंड म्हणजे अर्धा किलो पण नाही, आणि काम दिवसभराचं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडून दिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी आणि रानड्यांच्या मंडळींनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवली. टेंपल साहेबांना त्याच वर्षी बढती मिळाली, ते मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७६ ते ७८ या काळात देशात ५० लाखांवर माणसं गेली असा अंदाज आहे.

दौंड-मनमाड रेल्वेनं कधी गेलात तर खिडकीतून भरावाकडं बघा. तो त्याच दुष्काळातल्या मजुरांनी टाकलाय. आमच्या जिल्ह्यातला आष्टीचा तलाव पण तेव्हाच्याच कामातला.

एवढं झाल्यावर दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० ला अहवाल आला, त्यावरून दुष्काळाची नियमावली तयार झाली. फॅमिन कोड. कधी कामं काढायची, मजुरी किती, सारा कधी थांबवायचा, हे पहिल्यांदा कागदावर आलं. सोबत एक विमा निधीही काढला होता, दुष्काळ विमा नावाचा, दरसाल दीड कोटी रुपयांचा. त्यासाठी नवे कर बसवले. पैसे जमले आणि अफगाण युद्ध आलं, तिकडं वळवले असा आरोप तेव्हापासून आजवर होतोय. हप्ता आपला आणि भरपाई काबूलला. पीकविम्याबद्दल ज्यांना वाटतं की असं पहिल्यांदाच होतंय, त्यांच्यासाठी.

पण त्या नियमावलीचा एक उपयोग झाला आणि तो सरकारनं केला नाही. १८९६ ला परत दुष्काळ पडला तेव्हा टिळकांच्या 'केसरी'नं आणि सार्वजनिक सभेनं ती नियमावली मराठीतून लोकांपुढं मांडली. माणसं गावोगाव पाठवली, सभा घेतल्या, पत्रकं वाटली. सांगितलं काय, तर तुमच्याच सरकारच्या कायद्यात असं असं लिहिलंय, पीक एवढ्याखाली गेलं तर सारा मागता येत नाही, घाबरून जनावरं विकून भरू नका. बंड नाही, दंगल नाही. फक्त नियम वाचून दाखवला. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यता काढून घेतली. स्वतःचेच नियम लोकांना समजले, ही गोष्ट त्यांना दंग्यापेक्षा जास्त झोंबली असावी असं मला वाटतं.

आता परत आपल्या काळात या, कारण १९६३ ला हाकललेला शब्द मागच्या दारानं आत आला आणि त्याला शेपूट लागलं. 'सदृश'.

२०१५ ला पावसानं दगा दिला. सरकारनं ऑक्टोबरात हजारो गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर केली. सदृश म्हणजे सारखी. बिबट्यासदृश प्राणी दिसला तर आपण शेळ्या आत घेतो, झूलॉजीच्या प्राध्यापकाला बोलवत नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि मे २०१६ मध्ये सरकारनं कागद काढला की आधीच्या आदेशात जिथं 'दुष्काळसदृश' लिहिलंय तिथं 'दुष्काळ' असं वाचावं. सात महिने टँकरच्या मागं पळालेल्या माणसाला मे महिन्यात कळलं की आपण जे भोगलं ते वाचायचं कसं.

त्याच वर्षी केंद्राची नवी दुष्काळ पुस्तिका आली. त्यात पावसाची तूट, उपग्रहावरून पिकाची हिरवळ, जमिनीतली ओल, पाण्याची पातळी असे निर्देशांक आहेत. शास्त्र म्हणून वाईट नाही, उलट नजरअंदाजापेक्षा बरंच. पण उपग्रहाला बाभूळ आणि घाणेरी पण हिरवीच दिसते. २०१८ ला आधी १८० तालुके सदृश, मग आठवड्याभरात १५१ तालुके दुष्काळी. २०२३ ला ४० तालुके दुष्काळी, आणि त्यात न बसलेली १,०२१ महसूल मंडळं परत 'दुष्काळसदृश'. पुस्तिका सगळी कोरड्याची. पाण्यानं बुडालेल्या माणसासाठी त्यात पान नाही, त्यामुळं यंदा मंत्री 'असा शब्द नाही' म्हणाले तेव्हा ते खोटं बोलत नव्हते, हे मान्य केलं पाहिजे. खेड्याच्या शेतकऱ्यांनी १९१८ मध्ये हीच अडचण दाखवली होती. १०७ वर्षं झाली. पान घालायला वेळ लागतोय.

आणि हे सगळं मी का उगाळत बसलोय, तर आमचा पंचनामा.

पंचनामा शेवटी झाला. आलेला माणूस चांगला होता, तीन गावं एकट्याकडं, डोळ्यांत झोप. उभ्या उभ्या लिहिलं, सगळ्या गटाला मिळून 'अतिवृष्टीने पीक नुकसान'. मी म्हटलं, भाऊ, खालच्या एकरात पीक कुठलं, तिथं जमीनच नाही. 'जमीन खरडून गेली' असं लिहा. कारण पिकाला कोरडवाहूचा दर वेगळा, आणि खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि वर नरेगातून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम, असं पॅकेजमध्येच म्हटलंय. एका शब्दाचा फरक. तो म्हणाला, दादा, आत्ता पिकाचंच सुरू आहे, जमिनीची यादी वेगळी निघंल तेव्हा बघू.

तात्या मागं उभे होते. म्हणाले, "यादी निघंस्तोवर माती थांबती का?"

मी त्या एकराचे फोटो काढलेत, तारखेसह. शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन लेखी अर्ज दिलाय आणि पोच घेतलीय. पोच देताना बरीच खळखळ झाली, पण घेतली. तुमचं रान खरडलं असेल तर 'पीक नुकसान' एवढ्यावर सही करू नका, किंवा केली असेल तर माझ्यासारखा अर्ज द्या. माती परत टाकायला तलावातला गाळ लागणार, दीड-दोन फूट थर तरी, म्हणजे एकराला शेकड्यानं ट्रॉल्या. हिशेब करूनच सोडायचं की नाही ते ठरवा.

दुसरं, पीकविमा. रुपयातला विमा गेला हे माहीत आहेच. यंदाच्या खरिपापासून स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान वगैरे वेगवेगळे निकष काढून टाकलेत. ७२ तासांत कळवायची भानगड संपली, आणि त्यातून मिळणारं पण संपलं. आता सगळं पीक कापणी प्रयोगावर. मंडळातल्या ठरावीक प्लॉटमध्ये जे उतरेल, ते तुमच्या माझ्या सगळ्यांच्या रानाचं उत्पन्न. आमचं सोयाबीन पाण्यात कुजलं, पण प्लॉट माळावरच्या निचऱ्याच्या जमिनीत पडला तर कागदावर मी चांगला शेतकरी ठरणार.

म्हणून सांगतो. आपल्या मंडळातला एक प्रयोग परवा सकाळी नऊ वाजता आहे. गट कुठला ते गावच्या ग्रुपवर टाकलंय, इथं टाकत नाही. प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्याला हजर राहता येतं. टेप घेऊन या, प्लॉटच्या चारी बाजू मोजताना बघा, कोपरा कुणी आणि कसा निवडला ते विचारा. भिजलेलं सोयाबीन काट्यावर जड भरतं, त्यामुळं वाळवून परत वजन घेणार का हे तिथंच विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. भांडायचं नाही, फक्त बघायचं आणि लिहायचं. सह्या करणाऱ्यांनी आकडा भरल्यावर सही करा, कोऱ्यावर नको.

तात्या येणार आहेत. त्यांना न्यायला मोटरसायकल नको, मणक्याचा त्रास आहे. कुणाची चारचाकी त्या बाजूला जाणार असेल तर कळवा.